लार्च स्ट्रीटवरचं राहतं घर

४ मे
आले एकदाची. लायलॅक फुललाय, पोर्चच्या पायऱ्या मजबूत आहेत आणि जेवणघराची जमीन ओकच्या लाकडाची निघाली, तीही लिनोलियमच्या तीन थरांखाली लपवलेली. ज्यानं लपवली त्याच्या डोक्यात काय होतं कोण जाणे. दिवसभर गुडघ्यांवर बसून खरवडत होते आणि गात होते. कॉलेजनं आमचा इतिहास विभाग बंद केला, तेव्हापासून गायले नव्हते.

घर काउंटीच्या लँड बँकेकडून घेतलं. मालक कर न भरता पळून गेले की घर तिच्याकडे जातं. ती जुने हक्कदावे निकालात काढते, चोरीला गेलेले तांब्याचे पाइप पुन्हा बसवते आणि राहायला तयार असणाऱ्याला घर देते. अट एकच. पानगळीत निरीक्षक येईल, तेव्हा घर राहतं दिसलं पाहिजे. नाही तर ते परत बँकेकडे. खिडकीवरचा कारकून हे सांगताना जांभई देत होता. गाव मरत असताना जांभई देणारी माणसं मला नवी नाहीत.

माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं या घरात गेलंय. मला जायला दुसरी जागा नाही.

११ मे
सकाळी उठले तर माझ्या आवारात एक लाल पिकअप उभी, आणि टोपीवाला एक म्हातारा माझं गवत कापतोय. हा डेलमार. इंजिनच्या कारखान्यातून निवृत्त झालाय. मला बघून त्यानं टोपीला हात लावला आणि कापत राहिला.

समोरच्या अर्लीनबाईंनी मक्याचा गोड पाव आणला आणि खुलासा केला. गल्लीतली बरीच घरं रिकामी आहेत. गल्ली ती राहती दाखवते. गवत कापायचं, पडदे लावायचे, कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन परत आणायचा, कोणाची तरी गाडी उभी करायची. म्हणजे चोर येत नाहीत आणि बँकही पाडायला यंत्र पाठवत नाही. नवीन माणूस आला की त्यानं शनिवारी बाईंच्या पोर्चवर यायचं आणि गवत कापायचं यंत्र हातात घेऊन दुसऱ्या एखाद्या रिकाम्या घराचं गवत कापायचं. मग त्याच्या घरापुढची गाडी हलते. तोपर्यंत ते घर आमच्या हिशेबी रिकामंच, पोरी, असं म्हणाल्या.

पाव मात्र उत्कृष्ट होता.

१८ मे
शनिवार. गेले, पण यंत्राला हात लावला नाही. सगळ्यांसमोर सांगितलं की मी इथे राहते, माझ्या नावाचा कागद आहे, ट्रक हलवा. आणि हेही म्हणाले, की तुम्ही मेलेल्या घरांना पावडर-लिपस्टिक लावत बसता आणि त्याला शेजारधर्म म्हणता.

डेलमारनं विचारलं, मग तुमच्या घराला कुठली शेड चालेल, मॅडम? सगळे हसले. अर्लीनबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, कागद बँकेला दाखव बाळा, इथे यंत्र ढकलतात.

रात्रभर स्वतःला तपासलं. उद्धटपणा झाला का? झाला. मी चूक होते का? नाही. ज्यांना खरं काही वाचवता आलं नाही, ती माणसं पडदे वाचवतात. हे वाक्य तुच्छतेनं लिहिलंय, हे मला दिसतंय. तरी खोडत नाही.

९ जून
ट्रक अजून तिथेच. आज माडीवरच्या खोलीत नवे पडदे दिसले, पिवळ्या लिंबांचे. घराचं दार तर रात्रभर कुलूपबंद होतं. मी ते पडदे काढून अर्लीनबाईंच्या पायऱ्यांवर टाकून आले. बाई वाटाणे सोलत होत्या. मनात होतं ते सगळं बोलले. त्यांनी मान वर केली नाही. एवढ्या ताठ म्हातारीचा मला खरं तर आदर वाटायला हवा. वाटला नाही.

दुपारी बाजारातून परतले तर लिंबं परत खिडकीत.

४ जुलै
हे नीट लिहायला हवं, म्हणजे उद्या मी अतिशयोक्ती केली असं मलाच वाटणार नाही.

गल्लीची मेजवानी होती. मला बोलावलं नव्हतं. मी माझ्याच पोर्चवर पुस्तक घेऊन बसले होते. कोणाची तरी डेट्रॉइटची भाची विचारत होती, हे कोणाचं घर गं? अर्लीनबाई म्हणाल्या, कोणाचं नाही, पण बघ कसं ठेवलंय आम्ही.

मग डेलमार पायऱ्या चढून वर आला. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून त्यानं सॉसेज खाल्लं. बोटं पुसली. आणि कागदी बशी माझ्या मांडीवर ठेवली. टेबलावर ठेवावी तशी. मोहरी लागलेली. मी त्याचं नाव घेतलं. तो आतषबाजी बघत होता.

हा बहिष्कार आहे. अडाणी, गावंढळ बहिष्कार. दुसरं काही असू शकत नाही.

१७ ऑगस्ट
गेले. शनिवारी पोर्चवर गेले आणि माफी मागितली. ती खरी होती की नाही हे मी स्वतःला तिथे उभ्या उभ्या विचारत होते. उत्तर सापडलं नाही. यंत्राची मूठ धरली आणि ढकलायला लागले. डेलमारनं मूठ ओढली. वेलीत अडकल्यासारखा झटका दिला. म्हणाला, साला चाकात काहीतरी अडकतंय. अर्लीनबाई म्हणाल्या, तेल घाल.

त्यांच्या चेहऱ्यावर खोड काढल्याचा भाव शोधत होते. हसू दाबल्याचा. तो असता तर बरं झालं असतं.

५ सप्टेंबर
बँकेला फोन केला. कारकून दोनदा हॅलो म्हणाला. मग दुसऱ्या कोणाला तरी म्हणाला, पुन्हा तेच, नुसतीच खरखर. त्यानं फोन ठेवून दिला.

दुकानाचं आपोआप सरकणारं दार माझ्यासाठी सरकलं नाही. मागून एक बाई आली, मग सरकलं.

निघून जावं? पण मी गेले की घर खरंच रिकामं. मग ते खरे ठरतील. आणि निरीक्षक परका माणूस आहे. त्याला दिसेन. दिसायलाच हवं.

२ ऑक्टोबर
निरीक्षक आला. यान्सी नाव. मी सकाळपासून तयार होते — स्वच्छ ब्लाउज, गॅसवर बार्लीचं सूप, टेबलावर कागद. अर्लीनबाई त्याला घेऊन आत आल्या. दार न वाजवता.

त्यानं झाकण उचललं. हसला. म्हणाला, सूपसुद्धा? तुम्ही लोक कमाल करता हं, मिस अर्लीन. बाई म्हणाल्या, करायचं तर पुरतं करावं. पण घराचं काय करायचं ते ठरवताना तुम्हाला खोटं सांगणार नाही, इथे कोणी नाही.

मी त्याचा दंड धरला. दोन्ही हातांनी. त्यानं तो खाजवला.

गॅस बंद करून गेला. दारं-खिडक्यांना हिवाळ्यापुरत्या फळ्या मारा म्हणाला, वसंतात बघू पाडायचं की विकायचं.

बाई क्षणभर मागे रेंगाळल्या. सूप चाखलं. मीठ कमी, असं म्हणाल्या — कोणाला म्हणाल्या?

३ ऑक्टोबर
मी त्यांना तुच्छ लेखलं, म्हणून हे? नाही. तसं असतं तर त्यांच्यात राग दिसला असता. राग नाही. ते माझ्याकडे बघतात तसं मी — मी गेलं सबंध वर्ष लोकांकडे —

नाही. हे पळवाटेचं तत्त्वज्ञान. दार उघडून बाहेर पडायचं. उद्या.

४ ऑक्टोबर
दार बाहेरून स्क्रूनं आवळलंय. मागचंही.

ओरडले. फळी मारणारा म्हणाला, आत काहीतरी आहे. डेलमार म्हणाला, रॅकून असेल. दरवर्षी शिरतो. चिडका असतो, जवळ जाऊ नको.

५ ऑक्टोबर
माडीवर काळोख. स्वयंपाकघरात काळोख. फक्त समोरची मोठी खिडकी उघडी. तिची फळी अंगणात सुताराच्या लाकडी घोडीवर आडवी ठेवलीय. बँकेची रंगारीण आलीय. फळ्यांवर ती खिडक्या रंगवते, पडदे, कुंड्या, म्हणजे रस्त्यावरून राहतं वाटावं. या फळीवर काय काढू, असं विचारत होती.

अर्लीनबाई म्हणाल्या, एक बाई काढ. शिकलेली.
डेलमार म्हणाला, नाक जरा वर ठेव.
हसले सगळे. आता अर्लीनबाईसुद्धा.

काच ठोकतेय. रंगारीण मान वर करत नाही —

चेहरा झाला. चांगला काढलाय. हनुवटी माझीच. माझी हनुवटी गार — बधिर —

खांदा. डावा हात. डावा आता उचलत नाही. वही टेबलाला दाबून धरता येत नाही, सरकते —

उजवा काढतेय. मागे सरकून बघितलं. म्हणाली, हातात काहीतरी हवं, पुस्तक नाही तर पेन. अर्लीनबाई पुढे आल्या. फळीकडे बघितलं. मग वर, सरळ माझ्याकडे — माझ्याकडेच बघितलं — आणि म्हणाल्या, नको, हात रिकामाच ठे