धोट्याच्या खेळावर कोणाचं नाव

सौ. सुभद्रा हिले थोरल्या बहिणीचे भरपूर आशीर्वाद. तुझे गुडघे अन् जावईबापूंचा खोकला कसा आहे ते कळव. इकडं आनंदीआनंद आहे. आपल्या नातीचं, देवकीचं लग्न जमलं. मनोहर खुश, सूनबाई खुश, अन् मी तर इतकी खुश की कालपासून माझ्या लेकाशी बोलली नाही.

पाहुणे खापरखेड्याचे. पोरगा अनंत कॉम्प्युटरवर खेळ बनवते म्हणे. (हे यंत्र त्याच्या काकानं दुबईहून आणलं. टीव्हीले जोडतात.) रीतीप्रमाणं आपण मुलीच्या हातचा म्हणून मोत्यांचा पोपट मांडला (शेजारणीचा आहे, गल्लीतल्या साऱ्या पोरी त्याच पोपटावर उजवल्या) अन् मुलीच्या हातचा चिवडा ठेवला, तो इतवारीतून आणला होता. पण या बारीनं पाहुण्यांनीबी आपल्या पोराच्या हातचं आणलं. यंत्र आपल्या टीव्हीले जोडलं, टेपरेकॉर्डरमधी कॅसेट लावली, ती शेपूट दबलेल्या मांजरीवानी ओरडली, अन् टीव्हीवर विमान उडालं. वरतं इंग्रजीत अनंतचं नाव. देवकीनं विचारलं, विमान हळू कसं करायचं? तो म्हणे, ते मले काय माहीत, तयार कॅसेट मिळते, विमान निवडायचं, आवाज निवडायचा, नाव टाकायचं. म्हणजे तोबी पोपटच निघाला.

मग आपली पोरगी उठली वं. तिच्या क्लासात असंच यंत्र आहे, सारा हिवाळा तिथं बसून तिनं एक एक ओळ स्वतः लिहून खेळ केला. (मनोहर म्हणे, डोळे जातील. गेले नाही.) तिनं आपली कॅसेट लावली. टीव्हीवर माग. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडं पळून राहिला, सूत मधीच तुटते, अन् धोटा यायच्या आत गाठ मारायची. सूत कुठं तुटते ते तिनं मले खोदून खोदून विचारलं होतं, मले वाटे पोरगी मागावर बसणाऱ्या आज्याची आठवण काढून राहिली. अनंतच्या बापानं चिवडा खाली ठेवून दोन हातानं गाठी मारल्या. अनंत मात्र जवळ सरकून हळूच बोलला,

"यात माझं नाव कुठं टाकायचं?"

मले वाटलं आता कोणी तरी बोलन. मनोहर हसला. म्हणे, "लग्नानंतर नाव एकच असते. दाखव वं बाई त्यायले."

त्या जागी देवकी लिहिलेलं होतं. ते तिलेच खोडायले लावलं. ही कॅसेट दाखवून अनंत मुंबईच्या कंपनीत नोकरी मागणार आहे. देवकीचा क्लास बंद, शिकायचं होतं तेवढं झालं, असं मनोहर म्हणते. असं सारं चांगलं चालू आहे.

तुझी बहीण,
रुखमा

ता. क. रविवारी सुपारी फुटणार. तू येच. आशीर्वाद द्यायले नाही वं. तू जिथं तोंड उघडते तिथली सोयरीक टिकत नाही असं सारा समाज म्हणते. तर तोंड उघड.

आणखी ता. क. हे पत्र देवकीनं वाचलं. म्हणे, आजी, सोयरीक मोडायले तयार कॅसेटवानी मावशीआजी कायले बोलावते, माझं मी बोलीन. तरी तू ये. ती बोलल्यावर मनोहरले धरायले कोणी तरी पाहिजे.