सरोवरावरची संध्याकाळ

२ मार्च

ती. दादास शि. सा. न.

लिहायला कारण तुझंच लाडकं चित्र. संग्रहालयाने मला ‘डोंगरातलं सरोवर’ साफ करायला दिलंय. एकोणिसाव्या शतकातलं काम, वरचं रोगण पार पिवळं पडलेलं. द्रावणाच्या ओल्या बोळ्याने होडीकडचा एक कोपरा पुसला आणि हातच थांबला. दादा, ती संध्याकाळ नाही रे! पाणी निळंशार आहे, काठावर धुकं आहे, होडीवाला जांभई देतोय. आपण ज्याला सोनेरी ऊन म्हणत होतो, ते जुनं रोगण!

तुझं ‘एका संस्कृतीचा सोनेरी अस्त’ हे व्याख्यान या संध्याकाळच्याच जोरावर उभं आहे, म्हणून आधी तुला कळवते. अध्यक्ष खवळलेत. म्हणाले, पुन्हा पिवळं कर, नाहीतर दुसरी नोकरी बघ. तू शब्द टाकलास तर ऐकतील. वहिनीला नमस्कार.

माया आहेच, ती वाढव.
चिमी

९ मार्च

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रक्त उसळलं. सत्यासाठी मी तुरुंगातसुद्धा जाईन, हे सगळं शहर जाणतं. पण सत्याला काळवेळ नको? चित्राचं अनावरण आठवड्यावर आलंय, आणि तिथे व्याख्यान माझंच. ती संध्याकाळ सांगून मी सभागृहंच्या सभागृहं रडवली. सकाळ सांगितल्यावर कोण रडेल? आणि होडीवाल्याच्या जांभईने समाज जागा होणार आहे का?

तुझी वहिनी म्हणते, चिमीचं बरोबर आहे. तिला कलेतलं काय कळतं! अध्यक्षांशी बोललो. चित्र पूर्वीसारखं झालं तर तुझी नोकरी शाबूत. तेव्हा हट्ट सोड. चहाचं पाणी फिरव, पण पिवळं कर.

तुझ्या काळजीने वाळलेला,
दादा

१७ मार्च

ती. दादास शि. सा. न.

काल हारतुऱ्यांच्या गर्दीत तू भेटलाच नाहीस, म्हणून लिहिते. मी चित्र पिवळं केलं नाही. पूर्ण साफ करून टांगलं आणि राजीनामा पर्समध्ये घेऊन मागे उभी राहिले. पडदा सरला. लख्ख सकाळ! मी पर्स उघडली.

तू मात्र नेहमीसारखा लोकांकडे तोंड आणि चित्राकडे पाठ करून उभा. मावळतीच्या किरणांनी पाणी कसं पेटलंय, हे तू हात उंचावून सांगितलंस, आणि त्या निळ्या पाण्याकडे बघत अख्ख्या सभागृहाने डोळे पुसले. टाळ्यासुद्धा ठरलेल्या जागीच पडल्या. अध्यक्ष खाली येऊन म्हणाले, शहाणी आहेस, अगदी पूर्वीसारखं केलंस. नोकरी राहिली. एकटी वहिनी जवळ आली आणि पुटपुटली, की अशा थंडीत होडीवाल्याने काही पांघरायला हवं होतं.

घरी येऊन पोट दुखेपर्यंत हसले. मग हसू गेलं. तुझे शब्द ऐकून मी रंगाच्या वाटेला आले, दादा. ते चित्र तू एकदाही पाहिलं नसशील, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. ये. तुझ्यासाठी चित्रासमोर खुर्ची मांडते, मी शेजारी बसेन. बोलायचं मात्र नाही.

रागावलास तरी ये.
चिमी