मागच्या ब्रेकची तार

तारवाल्या दादा,

तू गेल्याले अकरा महिने झाले. अकरा महिन्यात तुले एक ओळ लिहावी वाटली नाई, आणि आज लिहून राह्यलो ते रागानं. चार दिवसांपासून तुह्या त्या खटाऱ्यासमोर मांडी घालून बसलो हावो. बोटं सोलली, कंबर धरली, आणि तोंडात तुह्याच नावाच्या शिव्या हायेत.

कारण तुही पोरगी! चारूले समुद्रपूरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हाचं हाय, आणि बाईसाहेब म्हणतात, "काकाजी, मी बाबाच्याच गाडीवर जाईन." सिंदीवरून निघाचं, जामचा चौक पार कराचा, मांगंपुढं नुसते ट्रक. म्या म्हटलं, एकूण एक बोल्ट माह्या हातून गेल्याशिवाय किल्ली भेटणार नाई.

दादा, एक सांग. बोल्ट म्हंजे काय हे तुले जन्मात समजलं होतं का? जपानी बनावटीची गाडी, तिचं सारं मिलिमीटरमधी. सहा, आठ, दहा. आणि तू? कामावरून, त्या कापसाच्या जिनिंगमधल्या जुन्या विलायती मशीनचे इंची बोल्ट खिशात घालून घरी आणाचा, आणि गाडीचा एखादा पडला की त्यातलाच एक ठोकून द्याचा! तुमच्या जिनिंगमधी सारं सुतात मोजत, एक सूत म्हंजे इंचाचा आठवा हिस्सा. अडीच सूत म्हंजे आठ एमएमपेक्षा केसभर कमी. म्हून तो बोल्ट भोकात दोन आटे जाते आणि अडते. शहाण्या माणसाले तिथंच समजते की हा याचा नोहे. तू काय कराचा? पान्याले पाईप लावाचा आणि त्याले लोंबकळाचा. वर छाती फुगवून, "पाय, बसला का नाई!"

बसला! आतले आटे सारे सोलून बसला!

बारदान्यावर सारे बोल्ट मांडले. तेराचा पाना डोक्यावर चढेना, चौदाचा गरगर फिरे. खऱ्या बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा आकडा, ८.८, कोरलेला असते, तुह्यावाल्याची डोकी टकली. आटे मोजाच्या थ्रेड गेजच्या पात्या एकएक लावून पाहिल्या. अर्ध्याच्या वर बोल्ट परक्या घरचे. सीटले वखराचा बोल्ट! नंबर प्लेटले दरवाज्याचा स्क्रू! मडगार्डखाली वाशर म्हून चपलेचा तुकडा! अन् तार. जिथं तिथं तार. गाडी होती का कुंपण होतं बावा?

मी आयटीआयचा फिटर. आमच्या सरानं पहिल्याच महिन्यात सांगतलं, बोल्ट कसला की डोक्यावर पंचानं आपला ठिपका मारा, म्हंजे कोणाचं काम हाय ते दिसते. माहे दोन ठिपके. आजही कारखान्यात दोन ठिपके दिसले की साहेब त्या बोल्टले परत पाना लावत नाई. तुह्या बोल्टवर काय होतं? गंज!

माहा साखरपुडा आठवते ना? पाव्हणे अंगणात चहा घेत होते. माह्या होणाऱ्या सासऱ्यानं तुह्या गाडीच्या मागच्या चाकाकडे बोट दाखोलं, "हे तार कायची हो?" म्या मोठ्यानं म्हटलं, "आमचा दादा ब्रेकबी तारेनं बांधते. उद्या चाकं सुतळीनं बांधीन!" सारं अंगण हसलं. तूबी हसला. म्हणे, "तार हाय म्हून चालू हाय, बावा." मले वाटलं, किती निर्लज्ज माणूस हाय हा.

त्या दिवसापासून तुह्या मांगं बसनं सोडलं म्या. जामच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत उभा राहो, तू गाडी हळू कराचा, "बस ना रे." मी तोंड फिरवो. तारेच्या भरवशावर बसाले मी काय येडा होतो?

काल दुपारी मागच्या ब्रेकवर आलो. तोच बोल्ट शेवटी ठेवला होता. ब्रेकच्या ताटलीले एक पट्टी धरून ठेवते. तिचा बोल्ट पडला तर ताटली चाकासंग फिरते, चाक जागच्या जागी अडकते, आणि मांगून ट्रक असला तर माणूस गेला. अशा जागी तुही तार! बोल्टच्या डोक्याले सुईएवढं भोक पाडून त्यातून तार ओढली होती, दोनदा पीळ देऊन ताटलीले बांधली होती. तार कापली. ग्रीस पुसलं.

दोन ठिपके.

दादा, माहे दोन ठिपके!

मंग सारं आठवलं. आयटीआयचं पहिलं वर्ष, उन्हाळ्याच्या सुट्ट्या. तू गाडी नवीनच आणली होती, जुनीच, पण आपल्या घरी नवीन. रस्त्यात तिचा हा बोल्ट पडला. तू बोल्टचा टिनाचा डबा काढला तर म्याच तुले बाजूले लोटलं, "सरक, हे शिकलेल्या माणसाचं काम हाय." डब्यातला अडीच सुती उचलला. दोन आटे गेला, अडला. पान्याले पाईप लावून म्याच लोंबकळलो. वरून पंच मारला. तू माह्या पाठीवर थाप देल्ली होती.

वहिनी चहा घेऊन आली तवा बोल्ट माह्या मुठीत होता. म्या विचारलं, दादाले हे माईत होतं का? ते म्हणाली, "तुमाले आत्ता समजलं का, भाऊजी? दुसऱ्याच दिवशी जिनिंगच्या मिस्त्रीनं पाह्यलं, म्हणे हा बोल्ट चुकीचा हाय, काढून फेका. हे म्हणे, लहान्यानं बसवला हाय, काढला तर पोरगं हिरमुसन. मंग बोल्ट ढिला झाला तरी पडू नाई म्हून तार बांधली. दर आयतवारी सकाळी उकिडवे बसून तेच तार पाहत."

मूर्खा! अरे, वीस वर्षं! तारेनं तो बोल्ट पडू देल्ला नाई हे नशीब! एक शब्द बोलाचा होता! माहा हिरमोड मोठा का तुहा जीव? याच बोल्टवर चारूले मांगं बसवून शाळेत नेत होता ना? आणि साखरपुड्यात मूग गिळून काऊन बसला? सांगाचं होतं भर अंगणात, याच दीडशहाण्यानं बसवला हाय म्हून. माहं नाक कापलं जाचं होतं तर कापू द्याचं होतं. तुह्या मांगं बसाले तर भेटलं असतं मले.

संध्याकाळी चारू आली. बारदान्यावर मांडलेला तो पसारा पाहून राह्यली. म्हणे, "काकाजी, हे सारे बोल्ट बाबानं चुकीचे लावले होते?"

आणि मी म्हटलं, "सारेच."

दादा, माह्या तोंडून निघून गेलं ते. पोरीचं तोंड एवढूसं झालं. खाली वाकली, कापलेल्या तारेचा तुकडा उचलला आणि ओढणीच्या टोकाले बांधला. वहिनी दारात उभी होती. सारं ऐकलं, पण तिनंबी मले उघडं पाडलं नाई. तुह्याच घरातली ते!

आज सोललेल्या भोकात नवे आटे बसवले. नवा आठचा बोल्ट आणला, ८.८ कोरलेला. आधी पाना लावलाच नाई. बोटानं फिरवला, बोटानंच शेवटपर्यंत गेला. बोटानं गेला तरच तो त्या भोकाचा, हेबी सरानंच शिकवलं होतं. तवा माहं लक्ष पाईपकडे होतं.

आता ऐक. सोमवारी सकाळी किल्ली देण्याआधी तो जुना बोल्ट चारूच्या हातात देईन आणि सांगीन, हे दोन ठिपके तुह्या काकाचे हायेत, आणि तार तुह्या बाबाची होती. वहिनीसमोर सांगीन. पुढच्या महिन्यात तुह्या वर्षश्राद्धाले माहा सासरा येईन, त्याच अंगणात बसन, तवा त्यालेबी सांगीन, मोठ्यानं, जसं तवा बोललो होतो तसंच. मंग तिथून जामपर्यंत चारूच्या मांगं बसून जाईन.

नव्या बोल्टले तारेची काहीच गरज नाई. तरी डोक्याले भोक पाडलं, तार ओढली, दोनदा पीळ देल्ला. ठिपके मारले नाईत.

तुहा लहाना,
संजू