बिनआवाजाचं दार

मंगळवार, दुपार

चि. ठकी,

आपल्या जुन्या दाराचा आवाज आठवतो का गं? आधी लांबलचक ‘कूं’, मग तोकडं ‘किर’. एक गुरू, दोन लघू. शाळेत गुरुजींनी वृत्तं घोटून घेतली, तेव्हापासून मला दारंसुद्धा चालीत ऐकू येतात. तो आवाज झाला की स्वयंपाकघरातून तुझी आई विचारायची, “आलात?”

असो. तुझं पत्र पोचलं. जुनं घर घेतलंत, हात आखडता ठेवून ते राहण्याजोगं करायचंय, म्हणून बाबांचा सल्ला हवा. वा! बाबांच्या हातून खिळा सरळ जात नाही, हे जावईबापूंना सांगितलं नाहीस वाटतं.

पण नुकतंच आपलं हे घर दुरुस्त करून घेतलंय, तेव्हा ऐक. रंगाच्या आधी ओल शोध. गळका पाइप तसाच ठेवून वर रंग चढवलास, तर भिंत पोपडे टाकणारच. फरशी धड असेल तर उखडू नकोस; सांधे खरवडून नवं सिमेंट भर, पुरे होतं. ओट्याची जागा हलवू नकोस, नळ फिरवण्यातच पैसा जातो.

आई कशी आहे, असं तू दोनदा विचारलंयस. सांगतो.

त्याआधी एक. जुनं लाकूड फेकू नकोस, घासून पुन्हा बसव. मी फेकलं. सुतार म्हणाला, “काका, तयार दार स्वस्तात पडतं, अन् कुरकुरतही नाही.” मी भुललो. तुझ्या आईला कधीपासून फिकट पिवळ्या भिंती हव्या होत्या! तिचं विसरणं वाढत चाललेलं. म्हटलं, कळतंय तोवर डोळे भरून पाहू दे.

आणि सगळं एका दमात बदललं गं. डोक्यातून केव्हाच निसटलेलं हे घर तिच्या हातांना ठाऊक होतं. बटण कुठे, कडी कुठे. तेवढंही मी उपटून टाकलं. पहिल्या संध्याकाळी तिने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “छान आहे हो यांचं घर. चला, आता आपल्या घरी जाऊ.” तेव्हापासून रोज पिशवी भरते.

म्हणून, ठकी, एका वेळी एकच खोली कर. एखादी भिंत तशीच राहू दे.

आता ती आत झोपली आहे. थांब, कुणीतरी दार ठोकतंय. या उन्हात कोण?

आईच होती. मागच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून पुढे आलेली. हातात पिशवी, केस नीट विंचरलेले. मला म्हणाली, “माफ करा हं, आमचे हे इथे आलेत का? कधीची वाट बघतेय, पण दाराचा आवाजच आला नाही.”

मी म्हटलं, “येतीलच इतक्यात. तुम्ही आत या ना, बसा.”

माझ्यासमोर बसली आहे, माझीच वाट बघत. पत्र आवरतो. पाहुण्यांना चहा टाकायचाय.

अजून घरी न पोचलेला,
तुझा बाबा