बोलस पोटात, बोलस पोटावर

झिरिकझे, ४ मार्च

चि. फेन्नास अ. उ. आ.

तू संगणकात केलेल्या माझ्या बाहुलीला सांग, की तू खोटारडी आहेस. तिच्या हिशेबाने गाठ तापवायचं मशीन लावलं की ऊब ओटीपोटातल्या गाठीपाशी पोचायला हवी. पोचते कुठे, तर डाव्या कुशीत! दोन्ही वेळा चटका बसला, मी ओरडले आणि त्यांनी मशीन कमी केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या वेळीही गाठ तापली नाही तर हे बंद, नुसत्या किरणांवर भागवायचं. तेवढ्याने भागणार नाही हे त्या बोलल्या नाहीत, पण मला कळलं. भीती वाटते गं. तुझ्या आद्रियानकाकांना मात्र थट्टेत सांगितलंय, रॉटरडॅमला फुकटात गरम पाण्यात डुंबायला जाते.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.

तुझी मावशी याकोमिना

रॉटरडॅम, ७ मार्च

ती. मावशीस सा. न.

बाहुलीला बोल लावू नकोस, ती तुझ्याच स्कॅनवरून बेतलीय. चरबी कुठे, स्नायू कुठे, हाड कुठे, सगळं मी रंगवलं आणि तुझ्याआधी तिला तापवून पाहिलं. उपचाराच्या वेळी तुझ्या पोटावर पाण्याची पिशवी बांधतात ना, आमचा बोलस, तोही तिला घातला. ती शहाण्यासारखी वागते.

काल पुन्हा निरखलं. बाहुलीचं पोट सपाट, कमरेच्या हाडांमध्ये चक्क खळगा. तुझं असं पोट मी फक्त तुझ्या लग्नाच्या फोटोत पाहिलंय. मावशी, खरं सांग, स्कॅनच्या वेळी पोट आत ओढलं होतंस? चरबीचा थर हलला की ऊब वाट चुकते. मीही घाबरलेय, म्हणून तर एवढं चिडवतेय.

लोभ करावा, लपवाछपवी नको.

तुझी फेन्ना

झिरिकझे, ९ मार्च

अगं कार्टे, बोलस म्हणजे पाण्याची पिशवी?

आशीर्वाद नंतर देते. स्कॅनच्या दिवशी तो दाढीवाला तंत्रज्ञ म्हणाला, आज बोलसशिवाय हं. माझं धाबंच दणाणलं. माझ्यासारख्या झेलंडच्या बाईला बोलस एकच ठाऊक, बेकरीतला दालचिनीचा चिकट वेटोळा पाव. आणि गाडीत येताना मी दोन हाणले होते! वाटलं, उपाशीपोटी यायचं होतं, आता चित्रात दोन्ही वेटोळी दिसणार. म्हणून श्वास रोखून पोट असं आत घेतलं की पाठीला टेकलं.

हसतेय आणि रडतेय. पुन्हा स्कॅन करतील का गं? विचार त्यांना. लाज गेली खड्ड्यात.

मावशी

रॉटरडॅम, १२ मार्च

ती. मावशीस सा. न.

करतील! साऱ्या विभागात तुझे बोलस गाजताहेत. दाढीवाला तर हसून हसून जमिनीवर बसला. आता तो सगळ्यांना 'पाण्याची पिशवी' म्हणतो. सोमवारी ये आणि पोट सैल सोड.

लोभ असावा, श्वास रोखलेला नसावा.

फेन्ना

झिरिकझे, ११ मे

चि. फेन्नास अ. उ. आ.

नव्या बाहुलीला तू माझं सगळं पोट दिलंस, थोडं जास्तच दिलंस असं माझं मत आहे. पण त्यानंतर एकदाही चटका नाही. पहिल्यांदा गाठ बेचाळीस अंशांवर गेली तेव्हा मी घामाने निथळत होते आणि दाढीवाला टाळ्या वाजवत होता.

काल डॉक्टरीणबाईंनी नवं चित्र दाखवलं. गाठ दिसत नाही. त्यांनी दोनदा पाहिलं, मी दहादा. आद्रियानकाका बाहेर जाऊन रडून आले आणि म्हणाले, वारा फार आहे.

तू विचारलंस, जुन्या बाहुलीचं काय करू. पुसून टाक. बारीक याकोमिना गेली तरी चालेल, जाडी जगणार आहे.

लोभ असावा, पोटासकट.

तुझी जाडी मावशी