वजा दोन

२२ सप्टेंबर १९८५
अमेरिकेत कॉम्प्युटरवर जगातली सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली. पासष्ट हजार पन्नास आकडी! एक आणि ती स्वतः — बाकी कुणीही भागायला गेलं की काहीतरी उरणारच. पेपर घेऊन स्वयंपाकघरात धावले. आई म्हणाली, "पुढच्या रविवारी पाहुणे येतायत. त्यांच्यासमोर हे काढू नकोस, जयंती."
म्हणजे तिसरं स्थळ. मुलगी गणितात एम.एस्सी., पीएच.डी. सुरू, वय सव्वीस. उंची — आई दोन इंच वाढवून सांगते.

२९ सप्टेंबर
काढलंच!
मुरलीपुऱ्याहून सुखदेव आले, विश्वकर्मा एरियातल्या कारखान्यात इंजिनिअर. सोबत त्यांची आत्या. जयभीम झालं, पोहे आले. आत्यांनी विचारलं, "आवड कशाची?" भरतकाम म्हणायचं ठरलं होतं. तोंडातून निघालं, "मूळ संख्यांची." आईनं डोळेच मिटले.
सुखदेव मात्र पुढे सरकले. "एवढी मोठी संख्या तपासतात कशी?"
झालं! पेपरच्या कोऱ्या कडेवर सुरू. म्हटलं, तिची धाकटी बहीण घेऊ — ८१९१. चारपासून सुरुवात. वर्ग करा, दोन वजा करा, ८१९१ ने भागा, बाकी घ्या. पुन्हा तेच. अकराव्या खेपेला बाकी शून्य आली तर संख्या मूळ.
पोहे सुकले. आत्या पेंगल्या. अकराव्या खेपेला बाकी आली — दोन.
"मतलब, मूळ नाही?"
"संख्या बरोबर आहे. मी चुकलेय."
ते हसले. छान हसतात. मी चुकायचं तेही नेमकं सगळ्यांसमोरच!

३० सप्टेंबर
सापडलं. शेवटच्या खेपेला दोन वजा करायचेच राहिले! १२८ चा वर्ग १६३८४. दोन गेले की बरोबर ८१९१ ची दुप्पट. बाकी शून्य. शेकडो वर्षं मूळ म्हणून मिरवणारी संख्या, आणि मी तिला पोह्यांच्या बशीशेजारी बदनाम केलं.
बाबांना दाखवलं. रेल्वेत गार्ड ते. कागद उलटसुलट बघून म्हणाले, "गाडी स्टेशनात लागली ना? मग झालं."

६ ऑक्टोबर
होकार आला! चक्क मला!!

१३ ऑक्टोबर
त्यांच्याकडे चहाला गेलो. घरभर नातेवाईक. सुखदेवनी सगळ्यांना सांगितलं, "गणितात एम.एस्सी., आणि साधा हिशेब चुकला!" सगळे हसले. मीही — सगळ्यांत मोठ्यानं. मग म्हटलं, चूक सापडली, शून्य येतं, करून दाखवू?
"राहू दे गं," म्हणाले. "ते पीएच.डी.चंही आता राहू दे. मतलब, तुझाच त्रास वाचेल."
आत्यांनी बर्फी पुढे केली. घेतली. खाल्ली. कशाची होती, आठवत नाही.

१४ ऑक्टोबर
शेजारच्यांच्या फोनवरून नकार कळवला. मी स्वतः. आई बोलत नाहीये. बाबांनी मात्र आज खुशीत दुसऱ्यांदा भात मागून घेतला.