मुकुंदाच्या चित्राची नक्कल

इंदोरा, नागपूर
४ जानेवारी १९८३

चि. सौ. लतिकास, बाबांचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. जावईबापूंची बदली टळली हे वाचून आईने शेजारीपाजारी गूळ वाटला. तिचे गुडघे मात्र थंडीने धरले आहेत.

एक काम सांगतो, तिला कळवू नकोस. तुझा मुकुंददादा गेला त्याला मार्चमध्ये दोन वर्षे होतील. शेवटचा घरी आला तेव्हा आपल्या बैठकीत लावायला त्याने ते मोठे चित्र आणले होते. निळ्यात एक तांबडा पट्टा, बाकी काही नाही. यात माणूस कुठे, झाड कुठे, असे मी चारचौघांत विचारले आणि चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवले. दुसऱ्याच दिवशी ते घेऊन तो मुंबईला परतला. पुढे काविळीने गेला, त्यानंतरच आपण त्याला पुन्हा पाहिले.

ते चित्र कोणाकडे आहे, शोध. मला ते बैठकीत लावायचे आहे.

तुझे बाबा,
देवराव

दादर, मुंबई
२५ जानेवारी १९८३

ती. बाबांना सविनय जयभीम.

चित्र सापडले. दादाने ते इमारतींचे नकाशे करणाऱ्या एका गृहस्थांना विकले होते. त्यांच्या कचेरीत दोनदा गेले, रडलेसुद्धा. माणूस भला आहे, पण चित्र देणार नाही. रोज ते पाहिल्याशिवाय कामाला हात लागत नाही, म्हणाले. नक्कल करायला मात्र हो म्हणाले.

दादासोबत शिकलेला मधुसूदन ती हुबेहूब करून देईल. तेलरंगात नाही, अ‍ॅक्रिलिकमध्ये. हा पाण्यात कालवायचा नवा रंग आहे, लगेच वाळतो. पण बाबा, ती नक्कलच. दादाचा हात तिला लागलेला नसेल. घ्यायची का? आणि बैठकीतले तुमचे ते बदकांचे कॅलेंडर आता कुठे टांगणार?

आईच्या गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची लतिका

नागपूर
२ फेब्रुवारी १९८३

चि. लतिकास आशीर्वाद.

घे. आईला मात्र अस्सल चित्र मिळाले असेच सांगणार आहे. नक्कल म्हटले तर तिला सोसवणार नाही. तूही तिला तसेच लिही. खोटे बोलायला लावतो आहे, बापाला माफ कर.

बाबा

नागपूर
२० मार्च १९८३

माझ्या लतेले आईचा जयभीम.

चित्र पोचलं. तुझ्या बाबानं सोताच खिळा ठोकला. आल्यागेल्याले हात धरून दाखवतात, हे माझ्या मुकुंदाच्या हातचं, म्हणतात. दोन वर्षं त्याचं नाव निघालं नव्हतं त्यांच्या तोंडून.

पण बाई वं, तू मले काहून फसवून राहिली? मुकुंदानं चित्र आणलं त्या वेळी बाबा बाजारात गेले तेव्हा मी ते भिंतीकडून वळवून पाहिलं होतं. जवसाच्या तेलाचा वास होता त्याले. रंग माझ्या बोटाले लागला होता. याले वास नाही. मी पहिल्याच दिवशी नाक लावून पाहिलं.

बाबाले मी काही बोलली नाही. त्यांले अस्सल वाटते, वाटू दे. तूबी सांगू नको.

काल दुपारी मी निजली समजून ते चित्रासमोर खुर्ची घेऊन बसले. हळूच म्हणाले, मुकुंदा, मले अजून यातलं काही समजत नाही गा. तू सांग, मी ऐकून राहिलो.



जिवाले जप. पत्राले उशीर नको करू.

तुझी आई,
वच्छला